अनंत चतुर्दशीची रात्र आणि इंदूरच्या झांक्या

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. विद्युत शाखेचा डिप्लोमा केला आणि गेली वीस-बावीस वर्षं राज्य शासनाच्या नोकरीत तारा, खांब आणि मीटर यांच्या संगतीत आहे. चिटणीसांनी झांक्यांवर बोलायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की आपल्याला जे कळतं तेवढंच बोलायचं. दिव्यांबद्दल, आणि ते लावणाऱ्या माणसांबद्दल.

हल्ली मोठमोठ्या शहरांत प्रकाशाचे उत्सव भरतात. फ्रान्समधल्या लिओंचा आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा तर प्रसिद्धच आहे. लोक संध्याकाळी पायी फिरून दिव्यांची कलाकृती पाहतात. आपल्या इंदुरात उलटा प्रकार आहे. इथे पाहणारा ओट्यावर सतरंजी टाकून बसतो आणि दिवे त्याच्याकडे चालत येतात. तेही रात्रभर!

सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्यांनी 1893 पासून रूप दिलं ते महाराष्ट्रात. इंदुरात मात्र 1920च्या दशकात हुकुमचंद मिलपासून झांकीची प्रथा सुरू झाली. पुढे मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, होप टेक्सटाइल अशा मिलच्या झांक्या निघू लागल्या. जरा विचार करा. उत्सवाचं वळण आपलं, सेठ हुकुमचंद जैन, आणि कामगार माळव्याचे, उत्तर प्रदेशचे, राजस्थानचे, महाराष्ट्रातले. सगळ्यांचा गणपती एकच. म्हणून ही मिरवणूक कुणा एका समाजाची झालीच नाही.

आता थोडं माझ्या विषयाचं. जुनी दिव्यांची माळ कशी चाले? 6 व्होल्टचे 38-40 बल्ब एकामागे एक जोडले की 230 व्होल्टवर माळ पेटते. पण त्यातला एक गेला की सगळी माळ अंधारात. मग एकेक बल्ब चाचपत बसायचं. प्रकाश पळताना दिसतो, तो दिव्यांनी जागा न सोडता. पूर्वी अशा सजावटीत मोटरवर फिरणारा लाकडी रूळ असे, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. रूळ फिरला की ज्या पट्टीला तार टेकेल ती ओळ पेटे. पट्ट्या कुठे आणि किती लांब ठोकायच्या, यात सगळं कसब. आज ते काम खिशात मावणारी सर्किटची पाटी करते. साठ वॅटच्या बल्बइतका उजेड 8-9 वॅटचा एलईडी देतो, जनरेटरचा भार हलका झाला. जुन्या बल्बचा पिवळा उजेड मात्र मूर्तीच्या चेहऱ्यावर वेगळाच खुलत असे, हे माझ्या पिढीतले लोक कबूल करतील.

एकदा एका जागी बसण्याऐवजी झांकीबरोबर चालून पाहा. मी गेली काही वर्षं मुलीला घेऊन चालतो. चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, मग कृष्णपुरा. तिथे होळकरांच्या छत्र्या काळोखात उभ्या असतात, झांकी जवळ आली की क्षणभर दगडावरचं कोरीव काम उजळतं आणि पुन्हा विझतं. पुढे जवाहर मार्ग, नृसिंह बाजार. सीतलामाता बाजारात रस्ता अरुंद होतो आणि तीच झांकी दुप्पट मोठी वाटू लागते, कारण उजेड दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून परत येतो. मग गोराकुंड, खजुरी बाजार आणि राजवाडा. मध्ये आखाड्यांचे पट्टे फिरत असतात, ढोल असतात. पण आपण झांकीच्या मागची बाजू बघावी. भाद्रपदातला ओला रस्ता, त्यावर जनरेटर, केबल सांभाळणारी पोरं, बांबूने आडवी तार उचलून धरणारा माणूस. एका चुकीच्या जोडणीला तिथे माफी नसते. माझी नजर, नोकरीमुळे असेल, आधी तिथेच जाते.

त्या मागच्या बाजूला आता पांढऱ्या केसांची माणसं जास्त दिसतात. हीच काळजी मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

माझे मामा मालवा मिलच्या साचा खात्यात होते. झांकीची वर्गणी पगारातून जाई आणि मामी कधी कुरकुरली नाही. पुढे एकेक मिल बंद पडली. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद झाली. तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये मंजूर झाले ते डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या 32 वर्षांत कितीजण गेले! आणि तरी त्याच माणसांनी, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, झांकी थांबू दिली नाही. वर्गणी मागितली, शहरातल्या संस्थांनी मदत केली, बंद मिलच्या आवारात रात्री जागून पुतळे उभे केले. ज्या गिरणीने यांची देणी दिली नाहीत, तिचंच नाव झांकीच्या पाटीवर लिहून ते रस्त्यावर चालले. मामांना मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, “अरे, मिल मालकाची होती. झांकी आमची आहे.”

या माणसांकडून ते कसब कोण घेणार? त्यांची मुलं दुसऱ्या कामधंद्यांना लागली. आपली मुलं मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत बघतात आणि झांकी पाहिली म्हणतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, यंदा चतुर्दशीच्या आधी मंडळाने मुलांना एखाद्या मिलच्या आवारात, परवानगी काढून, झांकी तयार होताना दाखवावी. दोन, आपल्या आराशीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून मजूर गणेशोत्सव समित्यांना द्यावी. तीन, मार्गावर ज्यांची दुकानं आहेत त्यांनी झांकी समोर येईल तेवढा वेळ आपला झगझगीत फलक बंद ठेवावा. शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाही, पण त्या कामगारांचं महिनाभराचं काम नीट दिसेल.

यातलं पहिलं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. मुलांची नावं आज सभा संपल्यावर माझ्याकडे द्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!