हाड जुळलं, पण पकड?

दुपारची भाकरी आटोपून कुणी टेकल्या असाल, कुणी खुरपणीला निघाल्या असाल. कामात असाल तर रेडिओ बांधावर ठेवा आणि ऐका. आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक सांगणार आहोत.

आमचा गट पापड करतो. दोन वर्षांमागं आमच्यातली एक ताई गोठ्यात घसरली. पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं, फोटो काढला, डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय. आम्ही म्हटलं, चला, ताई परत आली. पण ती लाटायला बसली की लाटणं हातातून फिरायचं. आमचे दहा पापड होईस्तोवर तिचे तीन. उडदाचं पीठ किती घट्ट असतं ते तुम्हाला सांगायला नको. मग कुजबुज सुरू झाली. हाड जुळलं, आता काय दुखतंय? घरी सासूबाईंचं तेच, म्हशीची धार काढायला नको म्हणून नाटकं करते. त्या महिन्यात आम्ही तिची मजुरी निम्मी लावली, ठरावही लिहिला. तिनं गुमान सही केली. सही वाकडीतिकडी आली होती. आम्ही ती बघितली आणि वही मिटली.

पुढच्या तपासणीला तिच्यासोबत आमच्यातल्या दोघी गेलो. तिथल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी एक यंत्र काढलं. सायकलच्या ब्रेकसारखी दोन दांड्यांची मूठ आणि वर घड्याळासारखी तबकडी. मूठ आवळली की काटा किलोत जोर दाखवतो आणि तिथंच थांबतो. डायनॅमोमीटर म्हणतात त्याला. मोजायचीही रीत आहे. खुर्चीत सरळ बसायचं, दंड अंगाजवळ, कोपर काटकोनात, अंगठा वर. दांडी हाताच्या मापाची लावतात, कारण ती फार लांब किंवा फार जवळ असली तर धडधाकट हातही कमी भरतो. मधे विसावा देत एकेका हातानं तीनदा आवळायला लावतात आणि सरासरी काढतात. दर वेळी अशीच बैठक हवी, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलना काय करणार?

तिचा डावा हात भरला 21 किलो. उजवा 6.

उजव्या हाताच्या माणसाचा उजवा हात साधारण दहावा हिस्सा जास्तच भरतो. म्हणजे तिथं 22-23 यायला हवे होते. आमच्यातल्या एकीनं तिथंच विचारलं, मुद्दाम कमी दाबलं तर? फिजिओताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ढोंग करणाऱ्याला तीनही वेळा तोच आकडा आणणं सोपं नसतं, हिचे बघा, 6, 6, 6. मात्र दुखण्याच्या भीतीनंही आकडे खालीवर होतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. प्लास्टरमध्ये हात निजून राहतो, त्यात स्नायू बारीक होतात, सांधे आखडतात, सूज राहते. फोटोत हाड दिसतं, जोर दिसत नाही.

पुढच्या बैठकीत कापलेली मजुरी परत दिली. जुना ठराव खोडला नाही, त्याच्याखाली नवा लिहिला.

मग तिचा व्यायाम सुरू झाला. आधी बोटं आणि मनगट मोकळं करायचं, जोर नंतर. कोमट पाण्यात मूठ उघडायची-मिटायची. मग स्पंजचा चेंडू, तांदळाच्या परातीत हात घालून मूठभर तांदूळ आवळणं, आधी हातरुमाल पिळणं आणि मग टॉवेल. चिमटीसाठी कपड्यांचे चाप. कणीक आधी सैल, मग घट्ट. रात्री हात सुजला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, हे तिला शिकायला वेळ लागला. आपल्या बायका दुखणं रेटून नेतात. दर महिन्याला मोजलं: 11, 15, 18. सासूबाईंना काटा दाखवला तेव्हा त्या गप्प झाल्या. पापड चौथ्या महिन्यात जमू लागले. धार मात्र सगळ्यात शेवटी. यंत्र एका दाबाचा जोर मोजतं. म्हशीला शेकडो वेळा दाबावं लागतं, तो दम वेगळा.

आणखी एक. कडबाकुट्टीत बोटं गेली, विळ्यानं शीर तुटली, असं कायमचं काही झालं तर अपंगत्वाचा दाखला काढताना हाताची पकड आणि चिमटीचा जोर वेगवेगळा धरतात. 2016 च्या कायद्यात बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे. म्हणून पकड मोजल्याचे कागद तारखेसकट जपून ठेवा. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, हरवणार नाहीत.

यंत्र सगळीकडं नसतं. पण उपकेंद्रात बीपीचं घड्याळी मशीन असतं. त्याचा पट्टा गुंडाळून 20 पर्यंत हवा भरायची, तो मुठीत आवळायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. किलो कळत नाहीत, पण दोन्ही हातांतला फरक आणि महिन्यामहिन्याची वाढ कळते. हे सिस्टरांसमोरच करा. हाड नुकतंच मोडलंय, टाके ओले आहेत किंवा बोट वाकवणारी शीर शिवलीय, अशा वेळी अजिबात करू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा, जोर लावला तर शिवलेली शीर परत तुटते. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, पेला हातातून निसटत असेल, तर पडझड झाली नसली तरी दाखवून या.

आमच्या गटाच्या वहीत आता बचतीच्या रकान्याशेजारी एक जादा रकाना आहे. हात दुखावलेल्या बाईचे आकडे तिथं लिहितो, आणि मजुरीचं बोलणं त्यानंतर. पुढच्या गुरुवारी सिस्टर येणार आहेत, पट्टा घेऊन. ज्यांचा हात दुखावलाय त्यांनी जुने कागद सोबत आणा.