माया सोडणे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने ‘व्यवसाय आणि परमार्थ’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. परमार्थावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पन्नासाहून अधिक वर्षे मी कपडे शिवले. त्या कामात जे हाती लागले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

नामदेवरायांचे (१२७०–१३५०) मोठेपण सांगताना त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतील एका पदात गज आणि कातर यांची रूपके आहेत, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. गोरोबाकाकांच्या घरची कथा तर आपण किंचित अवघडूनच सांगतो. थापटण्याने संतांची डोकी तपासता तपासता काकांनी नेमके आपल्या नामदेवांनाच कच्चे मडके ठरविले! परंतु ती कथा झाकण्याजोगी आहे, असे मला वाटत नाही. कुंभाराने आपल्या हत्याराने पारख केली. शिंपी रागावला खरा, पण अखेर विसोबा खेचरांच्या पायी गेला.

माझे कच्चेपण मला दाखविले ते एका शब्दाने. तो शब्द ‘माया’. कीर्तनात बुवा सांगत, माया सोडा. दुकानात वडीलही तेच सांगत, माया सोड. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखावयाचे, त्याला आपण माया म्हणतो. ती बाहेरून दिसत नाही. पण अंग भरले, मूल वाढले, की तीच उपयोगी पडते. बुवांचे सोडणे म्हणजे टाकणे आणि वडिलांचे सोडणे म्हणजे राखणे, एवढाच काय तो फरक.

१९७० साली मी सोळा वर्षांचा होतो. एका विधवा बाईंनी पतीचा कोट मुलासाठी लहान करावयास आणला. वडील परगावी गेलेले. मी तो कोट मुलाच्या अंगाबरोबर बेतला आणि आतले सारे कापड कापून टाकले. कोट इतका नेटका बसला, की बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या दिवाळीत त्या पुन्हा आल्या. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. मी शिवण उसवली, तो आत काहीच नव्हते. वडिलांनी कोट उलटा करून पाहिला आणि एवढेच विचारले, “पोर वाढणार, हे तुला ठाऊक नव्हते?” मग पदरचे कापड घालून त्यांनी बाह्यांना पट्ट्या जोडल्या. मजुरी घेतली नाही.

एवढ्यावर मी शहाणा झालो असतो, तर आज ही हकीकत सांगण्याचे कारण नव्हते. पुढे पेठेत तयार कपडे आले, दुकानाची मिळकत आटली. थोरल्या मुलाने तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. “दिवसभर नुसत्या कॉलरी शिवणारा तो काय शिंपी?” असे मी त्याला चार माणसांत बोललो. तो घर सोडून गेला. नऊ वर्षे आमचे बोलणे नव्हते. त्या नऊ वर्षांत माझा हरिपाठ एकही दिवस चुकला नाही, हेही आपणांस सांगितले पाहिजे.

त्याची आई आजारी पडली, तेव्हा तो आला. माझ्यासाठी सदरा आणला होता. माप त्याला तोंडपाठ होते. पण ते जुने, आणि मी दरम्यान वाळलो होतो. सदरा अंगावर लोंबू लागला. सवयीने मी तो उलटा केला. दोन्ही बाजूंच्या शिवणींत चांगली इंचभर माया होती.

“कारखान्यात एवढी माया सोडत नाहीत,” मी म्हणालो.

“कारखान्यात नाही शिवला, दादा.”

त्या रात्री दुकानाच्या दिव्याखाली बसून आम्ही दोघांनी तो सदरा बाजूंनी आत घेतला. त्याने कातर उचलली होती. जास्तीचे कापड मी कापू दिले नाही.