आधी मास्टर डिग्री, मग डॉक्टर?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



"माजा चेडू डॉक्टर होवक व्हया" असे आपल्या वाडीतली आई म्हणते, तेव्हा आम्हाला आनंद होतो. पण नीटचा निकाल लागतो, नंबर हुकतो आणि घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातला एक सल्ला असा, की आधी बी.एस्सी. करा, मग आरोग्य विषयातली मास्टर डिग्री घ्या आणि तिच्या जोरावर एमबीबीएसला जा. ह्या सल्ल्यावरच आज आपण बोलू.

हा सल्ला येतो तो अमेरिकेकडून. तिथे बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा. पदवीचे गुण कमी पडले तर काही मुले मास्टर डिग्री करून आपली बाजू भक्कम करतात. तिथे ते शहाणपणाचे असेल. आपल्याकडे मात्र एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. 720 पैकी किती पडले, तेवढेच बघतात. मास्टर डिग्रीचा एक गुणही त्यात मिळत नाही.

आता वर्षांचा हिशोब करा. अठराव्या वर्षी बारावी, तीन वर्षे बी.एस्सी., दोन वर्षे मास्टर, म्हणजे तेवीस. त्यानंतर पुन्हा नीट, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस. एकोणतीस उजाडणार. शिवाय अकरावी-बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री पाच वर्षांत विसरायला होते, ते वेगळेच. हा खर्च होडीवर, शेतावर नाहीतर रोजंदारीवर चालणाऱ्या घराने सोसायचा आहे.

शिष्यवृत्तीचेही लक्षात घ्या. एक पदवी झाल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी घेणाऱ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही. म्हणून पदवीनंतर एमबीबीएसचा विचार असेल, तर ओरोसच्या समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा, मग पाऊल टाका.

मग मास्टर डिग्री वाईट का? मुळीच नाही! 2016 साली आपल्याच जिल्ह्यात दोडामार्ग भागात माकडताप आला. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची धास्ती तर आपल्याला ठाऊकच आहे. अशा वेळी गोळी देणारा डॉक्टर लागतो, तसा कुठल्या वाडीत किती रोगी, गोचीड कुठून येते, लोकांना काय सांगायचे, हे शोधणारा माणूसही लागतो. सार्वजनिक आरोग्याची मास्टर डिग्री, म्हणजे एमपीएच, हेच शिकवते. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठात ते शिक्षण मिळते. ते शिकलेला माणूस औषधाची चिठ्ठी लिहू शकत नाही. पण त्याचे काम डॉक्टरपेक्षा हलके नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅबचे शिक्षण, यांचेही तसेच.

म्हणून मुलामुलींनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. एमबीबीएस कधीच मिळाले नाही, तरी हे काम मी आनंदाने करीन का? उत्तर "हो" असेल तर खुशाल जा. "नाही, ही फक्त शिडी आहे" असे उत्तर आले, तर ती शिडी भिंतीला टेकलेलीच नाही, हे समजा.

ज्यांना डॉक्टरच व्हायचे आहे, त्यांनी सरळ वाट धरावी. एखादे वर्ष पुन्हा नीटला द्यायचे, तर ते ठरवून द्या आणि किती प्रयत्न करायचे तेही घरात आधीच बोलून घ्या. राज्याच्या कोट्यात नवबौद्धांसह अनुसूचित जातींना 13 टक्के जागा आहेत. त्यासाठी जात पडताळणीचा दाखला अकरावीतच मागायला लागा. ऐनवेळी धावपळ नको. 2021-22 पासून आपल्या सिंधुदुर्गातच 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आणि 2022 पासून नीटची वरची वयोमर्यादाही उठली आहे. म्हणजे दुसरे शिक्षण घेतले, म्हणून दार कायमचे बंद झाले असे नाही. पण त्या दाराची चावी नीटच.

आईवडिलांना शेवटची विनंती. नंबर हुकलेल्या पोराला शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बोल लावू नका. त्याच्याबरोबर बसा, कागद घ्या, वर्षे मांडा, पैसे मांडा. आम्ही रविवारी विहारात असतोच. कागद घेऊन या, मिळून बघू.

जय भीम. नमो बुद्धाय.