किल्ल्यावरचा यंत्रमानव
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या पहिल्या वार्षिक सभेत मी बोललो होतो, तेव्हा विषय होता पाण्याच्या टँकरचा हिशेब. जामखेडात दुसरा काय असणार! या वेळी सेक्रेटरींनी बजावलं, "साहेब, हिशेब सोडून काहीही बोला." म्हणून गेल्या दिवाळीत आवारातल्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी जो पांढरा यंत्रमानव पहाऱ्याला उभा होता, त्याची हकीकत सांगतो. मुलांनी खर्ड्याचा भुईकोट केला होता. तिथे हे पात्र कुठून आलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

त्याचं नाव गंडम. आमच्या हिला ते 'गंडलं' असं ऐकू आलं आणि पुढे जे घडलं ते पाहता तिचं फारसं चुकलं नाही. 1979 साली जपानमध्ये टीव्हीवर याची कार्टून मालिका आली. पुढच्या वर्षी, जुलै 1980 मध्ये, बंदाई कंपनीने त्याचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल बाजारात आणलं. किंमत 300 येन. गोष्टीतला गंडम 18 मीटर उंच, आणि मॉडेल त्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाचं, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. हा भागाकार मी खोका हातात आल्या आल्या करून पाहिला, बरोबर आला. 1980 साली मी कॅश काउंटरवर नोटा मोजत होतो. असलं काही जगात आहे हे मला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.

नातू मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून खोका घेऊन आला. आत प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना लगडलेले बारीक भाग. डिंक लागत नाही, भाग एकमेकांत खटकन बसतात. रंगही प्लास्टिकमध्येच मुरलेला असतो, बारीक जागांसाठी स्टिकर देतात. पण नातवाला स्टिकर नको होते, रंगवायचंच होतं. "आबा, तुम्ही मदत करा," म्हणाला.

इथे एक खासगी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपासून माझा हात थरथरतो. त्याच सुमारास माझा एक चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. ज्याने नोकरीभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवून पाहिल्या, त्याचीच सही जुळेना! घरात कोणाला बोललो नाही. नवीन सही देऊन आलो आणि शक्यतो पेन हातात धरायचं टाळू लागलो. त्यामुळे नातवाला नाही म्हणायची माझी तयारी होती. पण हो म्हणून बसलो.

पहिला धडा कापायचा. चौकटीपासून भाग तोडताना कटर एकदम भागाला भिडवायचा नाही. आधी लांबून कापायचं, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा जवळून. घाईने एकदाच कापलं की प्लास्टिक फाटून पांढरा डाग पडतो. उरलेलं टोक पॉलिश पेपरने घासायचं, आधी 400 नंबर, मग 600, मग 1000. नंबर वाढतो तसा कागद मऊ. हे करताना मला वडील आठवले. पोळ्याच्या आधी ते बैलांची शिंगं साळत बसायचे, तास न् तास. आम्ही पोरं रंगाचा डबा घेऊन घाई करायचो. ते म्हणायचे, शिंग खडबडीत असलं तर रंग दुसऱ्या दिवशी गोठ्यात सांडलेला दिसेल. बेगड तर सगळ्यात शेवटी. जपानी खोक्यातही हाच क्रम निघाला, गंमत वाटली.

घासून झालं की सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुवायचे, कारण प्लास्टिकला तेलकटपणा असतो. मग उदबत्तीच्या काड्यांना चिमट्याने अडकवायचे आणि काड्या कच्च्या बटाट्यात खोचायच्या. आमच्या ओट्यावर आठ दिवस रंगीत काटे फुटलेले बटाटे होते. हिने बटाट्याची भाजी करणंच सोडून दिलं. आधी राखाडी प्रायमरचा पातळ हात, मग रंग. पांढरा आणि पिवळा फार त्रास देतात, खालचं झाकतच नाहीत. तरी जाड थर द्यायचा नाही. तीन पातळ हात द्यायचे आणि मध्ये वाळू द्यायचं. आपल्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून आम्ही सकाळी सहाला बसायचो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि मनगटाला मनगट लावायचं. तसं केलं की हाताचा थरकाप बराच कमी होतो. हे मला दहा वर्षांच्या मुलाने शिकवलं.

आणि एके सकाळी पांढऱ्या खांद्यावर माझ्या हातून काळ्या रंगाचा थेंब सांडला. नातू झोपेत होता. तो उठायच्या आत पुसून टाकू, असं मनात आलं. सूनबाईंची नेल पॉलिश रिमूव्हरची बाटली समोर होती. कापसावर घेऊन घासलं. रंगाबरोबर खांदाच विरघळू लागला! वरच्या रेघा गेल्या, कापसाचे तंतू चिकटले. त्या द्रावात प्लास्टिक विरघळतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मी तो भाग उलटा करून बटाट्यात खोचून ठेवला.

त्याला अर्थातच दिसलं. रडला नाही. सगळे भाग खोक्यात भरले, झाकण लावलं आणि खाली क्रिकेट खेळायला गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "चूक माझी आहे, आणि मी लपवली." तो म्हणाला, "सांडलं त्याचं काही नाही आबा. लपवलं कशाला?" मी गप्प बसलो.

तोवर खांदा पुन्हा कडक झाला होता. आम्ही तो 400 च्या कागदाने सपाट केला, सुईने रेघा नव्याने कोरल्या, पुन्हा प्रायमर, पुन्हा पांढरा. रेघांत बारीक काळं पेन फिरवलं. शेवटी चकाकी मारणारा मॅट फवारा, वीतभर लांबून, गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून. हा फवारा पावसाळी हवेत मारू नका, पांढुरकी साय धरते. आमचं जूनच्या पहिल्या सरीआधी उरकलं.

खांदा बसवायच्या आधी नातू पेन घेऊन आला. "आबा, बँकेत खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते ना? मग करा." खांद्याच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी, मी सही केली. वाकडी आली. चालली त्याला.

दिवाळीत ज्यांनी त्याला जवळून पाहिलं, त्यांना डावा खांदा किंचित वेगळा वाटला असेल. त्याचं कारण हे असं आहे.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. दुसरा खोका आणलाय, अजून उघडलेला नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता मी हॉलमध्ये बसणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जुना नेलकटर, कपड्यांचे चार चिमटे आणि एक मोठा बटाटा आणावा. नेल पॉलिश रिमूव्हर कृपया घरीच ठेवावा.