त्राटिका म्हणतात तिला

धान घरात आलं, की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्रभर नाटकं रंगतात. आज आम्ही एका जुन्या नाटकाबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या बैठकीत एखादी जरा चढ्या आवाजात हिशोब विचारते, आणि कोणीतरी म्हणतं, "त्राटिका आहे नुसती!" त्राटिका म्हणजे रामायणातली राक्षसी, रामाने मारलेली. पण याच नावाचं एक मराठी नाटकही खूप गाजलं. शेक्सपिअरचं चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक वासुदेवराव केळकरांनी 1890 च्या सुमारास मराठीत आणलं. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी प्रतापराव व्हायचे. लोक पोट धरून हसायचे.

हसायचे कशाला, ते ऐका. मूळ गोष्टीत दोघी बहिणी आहेत. थोरली कॅथरीना तोंडाची फटकळ, धाकटी बियांका गरीब गाय. थोरलीला नवरा मिळतो तो तिला वठणीवर आणायचा विडा उचलून. मारत नाही हं तो. ताट समोर येतं, "करपलंय, तुला बाधेल," म्हणून उचलून नेतो. अंथरूण चांगलं नाही म्हणून झोपू देत नाही. नवे कपडे शिंप्याला परत करतो. सगळं तिच्या काळजीपोटी! बघणाऱ्याला वाटावं, किती जपतो बायकोला. मग माहेरच्या वाटेवर भरदुपारी तो म्हणतो, चंद्र काय छान पडलाय. ती म्हणते, अहो, सूर्य आहे. तो म्हणतो, मग चला मागे, माहेर राहिलं.

ती म्हणते, बरं, चंद्र.

आता तुम्हीच सांगा, तिला खरंच चंद्र दिसला असेल का? उपाशी, जागरणाने थकलेली, माहेराकडे डोळे लागलेली बाई दुसरं काय म्हणणार?

शेवटी तीन नवरे पैज लावतात, कोणाची बायको हाकेसरशी येते. गरीब गाय बियांका निरोप पाठवते, वेळ नाही. तिसरीही येत नाही. त्राटिकाच तेवढी येते आणि बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत कसं राहावं यावर लांबलचक भाषण देते. ते मनापासून की पोटासाठी, यावर पंडित अजून भांडतात. आम्हाला विचाराल, तर जिचं ताट दुसऱ्याच्या हातात आहे, तिच्या भाषणावरून काही ठरवू नये.

आणखी एक गंमत. तेव्हा इंग्लंडात बायकांची कामं पोरंच करायची. मराठीतही त्राटिका झाले बाळाभाऊ जोग, म्हणजे पुरुषच. आपल्या दंडारीत किंवा सीमेपलीकडच्या नाच्यात गडी लुगडं नेसतो, तसंच. लिहिणारा पुरुष, बोलणारा पुरुष, आणि आज्ञाधारक ठरली बाई! पुढे फ्लेचर नावाच्या इंग्रज नाटककाराने याच नवऱ्याची दुसरी बायको रंगवली. ती त्यालाच सरळ करते. आणि त्राटिका रंगभूमीवर येण्याआधीच, 1882 मध्ये, आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बायकांना नावं ठेवणाऱ्या लेखकांची चांगलीच हजेरी घेतली होती.

हे सगळं आज कशाला? आमच्या बैठकांतही असे चंद्र उगवतात म्हणून. कर्जाच्या अर्जावर ती सही करते, "माझीच मर्जी" म्हणते, आणि पैसे जातात मोटरसायकलला. हप्ता मात्र तिच्या रोवणीच्या, तेंदूपत्त्याच्या मजुरीतून. गटात तिला समजूतदार म्हणतात, आणि हिशोब विचारणारीला त्राटिका. म्हणून आता मोठ्या कर्जाचा ठराव असला, की आम्ही आदल्या दिवशी तिच्याकडे एकटीकडे जातो. मोहफुलं वेचताना, विहिरीवर, जिथे भेटेल तिथे. पैसे कशाला, फेडणार कोण, एवढंच विचारतो. काही जणी तेव्हाही "हो" म्हणतात. काही जणी आधी मागे वळून बघतात, कोणी ऐकतंय का, आणि मग बोलतात.

उपाशी ठेवणं, घरखर्च अडवणं, तिचे पैसे काढून घेणं, हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार छळच आहे. हात उगारलेला असायलाच हवा असं नाही. मदतीचा फोन 181. नंबर भिंतीवर लिहायचा असेल, तर गटाच्या खोलीत लिहा. घरात लिहिलेला पुसला जातो.