हलका रेटा, लांबचा पल्ला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



जेवणाची वेळ झाली आहे, म्हणून एकाच यानाबद्दल बोलते.

आपण दहावी झालो तेव्हा मंगळ आणि गुरू यांच्यामधला एकही लघुग्रह कुणी जवळून पाहिलेला नव्हता. त्यांतल्या दोन मोठ्या गोलांकडे, व्हेस्टा आणि सेरेसकडे, नासाने २७ सप्टेंबर २००७ रोजी ‘डॉन’ यान पाठवले. मार्च २००६ मध्ये ही मोहीम रद्दच झाली होती. फेरविचार होऊन त्याच महिन्यात ती पुन्हा मंजूर झाली.

डॉनचे इंजिन आयनांचे. झेनॉन वायूच्या अणूंना विद्युतभार द्यायचा, विजेच्या बळावर त्यांना प्रचंड वेगाने मागे फेकायचे, की यान पुढे सरकते. वीज सूर्यप्रकाशातून. आणि रेटा? तळहातावर ए-फोरचे दोन कागद ठेवल्यावर जाणवेल, फार तर तेवढा! ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला चार दिवस. पण ४२५ किलो झेनॉन बरोबर घेऊन निघालेल्या या यानाची इंजिने एकूण जवळजवळ सहा वर्षे चालली. व्हेस्टाभोवती चौदा महिने काढून ते पुन्हा निघाले आणि ६ मार्च २०१५ ला सेरेसच्या कक्षेत शिरले. पृथ्वीखेरीज दोन गोलांच्या कक्षेत गेलेले ते पहिले यान.

तिथे ते उतरले नाही, त्याने काही खणले नाही. विश्वकिरण जमिनीवर आदळले की न्यूट्रॉन आणि गॅमा किरण बाहेर पडतात. हायड्रोजनचा अणुगर्भ न्यूट्रॉनच्याच वजनाचा. गोटीवर गोटी आपटावी तसा न्यूट्रॉनचा वेग तो झटकन कमी करतो. यानावरचे उपकरण हे न्यूट्रॉन मोजत होते. त्यावरून सेरेसच्या ध्रुवांकडच्या भागात, पृष्ठभागाच्या अगदी खाली, बर्फ असल्याचे कळले.

यानाची दिशा सांभाळणाऱ्या चार चाकांपैकी दोन सेरेसला पोहोचण्यापूर्वीच बंद पडली होती. मग दिशेसाठी मुख्यतः छोट्या रॉकेटांचे इंधन पुरवून पुरवून वापरले. तेही संपले आणि १ नोव्हेंबर २०१८ ला मोहीम संपल्याचे जाहीर झाले. आपल्याकडचे जंतू सेरेसवर पडू नयेत, म्हणून किमान वीस वर्षे यान खाली येणार नाही अशी कक्षा आधीच निवडली होती.

आता मुद्द्याचे. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आज आपण निधी गोळा करतो आहोत. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा, प्रत्येकाने दरमहा झेपेल तेवढे द्यावे, आणि ते थांबू देऊ नये, अशी माझी विनंती आहे. नोंदणीची वही दारापाशी आहे.

सर, बाई, रोज थोडे थोडे रेटूनच तुम्ही आम्हांला इथवर आणलेत.