गाव पारखताना



बेळगाव सोडून खानापूर तालुक्यातील घरच्या जमिनीवर जाऊन राहावे, संकटकाळी कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, असा विचार आपल्यातील काही कुटुंबे करीत आहेत. विचार चांगला आहे. परंतु गाव पारखल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नये, असे आम्हांस वाटते.

कणकुंबीस मलप्रभा उगम पावते, भीमगडच्या रानातून म्हादई निघते. पाऊस उदंड. म्हणून पाण्याची ददात नाही असे कोणी समजू नये. उतारावरचे पाणी वाहून जाते. यास्तव विहीर श्रावणात नव्हे, वैशाखात पाहावी.

ऑगस्ट २०१९ चा महापूर बेळगाव जिल्हा विसरलेला नाही. नदीकाठी जमीन असल्यास पुराची खूण वडीलधाऱ्यांना विचारावी व घर तिच्यावर बांधावे. ओढ्यावरचा पूल बुडाला तर बाळंतिणीस दवाखान्यात कसे न्यावयाचे, हेही आधीच ठरवावे.

भात घरचे होईल. मीठ, काडेपेटी, औषधे बाहेरूनच येणार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा हे सर्वांच्या प्रत्ययास आले. पावसाळी बेगमीची आपली जुनी रीत शहाणपणाचीच होती.

शेवटची पारख शेजाराची. एकटे घर स्वयंपूर्ण होत नसते, गाव होते. जेथे लावणीला पैरा मिळतो, तेथे पुरातही हात मिळतो. तेव्हा जमिनीचा उतारा पाहाच. परंतु त्याआधी एक वैशाख त्या गावी काढा आणि मग ठरवा, एवढीच आमची विनंती आहे.